भुयारातला दुतोंड्या

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात गंगापूर धरणातून गोदावरीत विसर्ग वाढवला गेला आणि नेहमीप्रमाणे सारे नाशिक एकमेकांना एकच प्रश्न विचारू लागले, की दुतोंड्या मारुतीला, म्हणजे नदीपात्रातल्या ज्या मूर्तीवरून शहर पुराची पातळी मोजते तिला, पाणी कुठवर लागले. त्याच दिवसांत, नदीपासून पुष्कळ उंचावर असलेल्या आमच्या घराखाली गुडघाभर पाणी साचले होते. पुराचा आणि त्या पाण्याचा काहीही संबंध नव्हता, हे समजायला मला चार महिने लागले, आणि ते पाणी बाहेर ठेवण्याची व्यवस्था पूर्ण व्हायला पुढचे सहा. नाशिकमध्ये उतारावरच्या घरांखाली अशा पोकळ्या बऱ्याच ठिकाणी आहेत. त्या घरांतल्या कोणाला उपयोग होईल म्हणून हे सगळे तारखा आणि आकड्यांसह लिहीत आहे.

आमचे घर गंगापूर रोडवरून नदीच्या दिशेने उतरत जाणाऱ्या एका वसाहतीत आहे. सासऱ्यांनी ते १९८७ साली बांधले तेव्हा प्लॉटचा उतार भरून काढण्याऐवजी मागच्या बाजूचे जोते उंच घेतले आणि खाली साडेपाच फूट उंचीची पोकळी राखली. कागदोपत्री तिला काही नाव नाही. घरात सगळे तिला भुयार म्हणतात. पुढच्या, म्हणजे चढाकडच्या बाजूला बाहेरची जमीन भुयाराच्या तळापेक्षा चार फूट वर आहे, तर मागच्या बाजूला दार थेट अंगणात उघडते. तिथे पितळेच्या पराती, लोखंडी ट्रंका, सासऱ्यांच्या जुन्या फायली आणि उन्हाळ्यात घेतलेले कांदे असत. पहिली तीस वर्षे पावसाळ्यात भिंतींना थोडी ओल येई, त्यापलीकडे काही नाही. २०१७ पासून मात्र दर वर्षी तळाशी पाणी दिसू लागले. २०२२ मध्ये आम्ही एका कंत्राटदाराकडून आतल्या भिंतींना ३८,००० रुपये खर्चून जलरोधक लेप लावून घेतला. पुढच्याच पावसाळ्यात तो पापुद्र्यांसारखा सुटून आला, आणि हमीचा कागद दाखवल्यावर "दोष लेपाचा नाही, भिंतीचा आहे" असे उत्तर मिळाले. उत्तर उद्धट असले तरी चूक नव्हते, हे नंतर कळले.

त्या ऑगस्टमध्ये मी दार उघडले तेव्हा कांद्यांच्या जाळ्या तरंगत होत्या आणि ट्रंकेच्या कडेला धामण वेटोळे घालून बसली होती. सर्पमित्र येईपर्यंतचा तास मी अंगणात उभी राहून काढला. साप दिसला म्हणून मी पाण्यात पाय घातला नाही, हे माझे नशीब, कारण भुयारातला दिवा आणि एक जुना सॉकेट त्याच पाण्याच्या वर वीतभर अंतरावर होते आणि मुख्य स्विच चालूच होता. अशा जागेत पाणी दिसले, की उतरण्याआधी वरून वीज बंद करावी; मला हे कोणी सांगितले नव्हते.

भाड्याच्या पंपाने पाणी उपसले. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा तेवढेच भरले. पाऊस तर थांबला होता. इथे मला पहिल्यांदा वाटले, की लेप, रंग, रसायन यांवर पुन्हा पैसे घालण्याआधी हे पाणी येते कुठून ते पाहावे. मुलाने भुयारातल्या मधल्या खांबावर ऑइलपेंटने इंचांच्या खुणा केल्या आणि त्या खांबाला दुतोंड्या असे नाव दिले. मी एक वही घातली. गच्चीवर सरळ काठांचे, सपाट बुडाचे एक पातेले ठेवून त्यात रोज सकाळी आठ वाजता पट्टीने मिलिमीटर मोजायचे, दुतोंड्याला पाणी किती इंच लागले ते पाहायचे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. पूर्वा आणि उत्तरा या दोन नक्षत्रांतच वहीने दोन गोष्टी दाखवल्या. मोठा पाऊस सुरू झाल्यावर पाच ते सहा तासांनी पाणी चढू लागे, आणि पाऊस पूर्ण उघडल्यावरही नऊ-दहा दिवस ते हटत नसे. नुसते अंगणातले पाणी आत ओघळत असते तर ते लगेच आले असते आणि लगेच थांबले असते.

उरलेले संशय एकेक करून दूर केले. नळाची लाईन फुटली आहे का, हे पाहण्यासाठी आरोग्य कर्मचारी वापरतात ते ओटी द्रावण आणले; क्लोरीन असलेल्या पाण्यात त्याचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. नळाचे पाणी पिवळे झाले, भुयारातले झाले नाही. क्लोरीन जमिनीतून जाताना उडू शकतो, त्यामुळे ही खात्री अर्धीच होती. म्हणून जमिनीतल्या टाकीची पातळी रात्री अकराला आणि पहाटे पाचला, सगळे नळ बंद ठेवून, तीन रात्री मोजली. ती हलली नाही. सांडपाण्याच्या चेंबरमध्ये पोटॅशियम परमँगनेट कालवून ओतले. भुयारात जांभळा रंग आला नाही. ओल जमिनीतून येते, की हवेतला दमटपणा थंड भिंतीवर जमतो, हे कळण्यासाठी दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने लावून दिवसभर ठेवला. थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला आले असते तर दोष हवेचा. ते आतल्या, भिंतीकडच्या अंगाला आले.

या सगळ्याला मिळून साडेतीनशे रुपयांच्या आतच खर्च आला.

निदान मात्र माझे नाही, एका वयस्कर मिस्त्रींचे. ते नोव्हेंबरमध्ये शेजारच्या घरी प्लास्टरच्या कामाला आले होते आणि मी त्यांना सहज आत बोलावले. त्यांनी भिंतीला हात लावला, बाहेर गेले, पुढच्या अंगणात फिरले आणि परत येऊन विचारले, "ताई, गच्चीचं पाणी कुठं सोडलंय?" मी अभिमानाने शोषखड्डा दाखवला. २०१५-१६ च्या दुष्काळानंतर, बोअरवेलला पाणी टिकावे म्हणून, गच्चीचे सगळे पाणी जमिनीत मुरवायचे ठरवून आम्ही तो २०१६ च्या पावसाळ्यानंतर केला होता. गच्चीचा पाईप जिथे उतरतो तिथेच, म्हणजे पुढच्या भिंतीपासून पाच फुटांवर. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाणी मुरलंय खरं, पण तुमच्याच घरात."

मला हे पटवून घ्यायला जड गेले, म्हणून डिसेंबरच्या कोरड्या दिवसांत आम्ही छोटा टँकर मागवला (७०० रुपये) आणि शोषखड्ड्यात सुमारे दोन हजार लिटर पाणी सोडले. दुपारी दोनला सोडलेले पाणी संध्याकाळी पावणेसातला भुयाराच्या दक्षिण भिंतीच्या तळाशी पाझरताना दिसले. वर दोन-अडीच फूट काळी माती, खाली पिवळसर मुरूम आणि त्याखाली आठ फुटांवर कातळ, अशी आमच्या प्लॉटची रचना आहे. मुरमात पाणी सहज शिरते, कातळात शिरत नाही. मग ते कातळावरून उताराच्या दिशेने सरकते आणि उताराच्या वाटेत पहिली पोकळी आमचे भुयार आहे. गच्ची १३० चौरस मीटरची. ६० मिलिमीटर पाऊस पडला, की ७,८०० लिटर पाणी आम्ही स्वतःच्या हाताने भिंतीशी नेऊन ओतत होतो, आणि २०१७ पासून पाणी का दिसू लागले या प्रश्नाचे उत्तर गेली सात वर्षे आमच्या अंगणात झाकण घालून ठेवलेले होते. घरात कोणी कोणाला काही बोलले नाही. खड्ड्याची कल्पना माझीच होती.

शोषखड्डा बंद केला की काम संपेल, असे वाटले होते. जानेवारी २०२५ मध्ये एका स्थापत्य अभियंता बाईंना बोलावले (पाहणी आणि आराखड्याचे ६,००० रुपये) तेव्हा त्यांनी वही उलटून पाहिली आणि सांगितले, की नऊ-दहा दिवस टिकणारे पाणी एकट्या गच्चीचे नसावे. चढाकडच्या प्लॉटांमध्ये आणि रस्त्यावर मुरलेले पाणीही त्याच वाटेने येत असणार. त्यांनी एक गोष्ट आधीच स्पष्ट केली. प्लॉट निळ्या किंवा लाल पूररेषेच्या आत असता, म्हणजे २५ किंवा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या कक्षेत, तर या उपायावर त्यांनी पैसे घालू दिले नसते, कारण नदीच चढली की गटारे उलटी वाहतात. आम्ही दोन्ही रेषांच्या बाहेर आहोत.

आतून लेप का टिकला नाही, तेही त्यांनीच समजावले. भिंतीबाहेर एक मीटर उंचीचे पाणी उभे राहिले, की भिंतीच्या तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन दाब येतो आणि आतला लेप त्या दाबाने भिंतीपासून ढकलला जातो. नवीन बांधकामात तळघराच्या बाहेरून शहाबादी फरशीचे पेटीसारखे आवरण करतात, तेव्हा हाच दाब आवरणाला भिंतीवर दाबून धरतो. उभ्या घराला ते पूर्णपणे करणे शक्य नव्हते. म्हणून चढाकडच्या बाजूला, भिंतीपासून चार फूट सोडून, ४२ फूट लांबीचा चर खणायचा, त्यात भोकांचा पाईप आणि खडी घालून पाणी भिंतीपर्यंत येण्याआधीच उचलायचे, आणि पुढे ३० फूट बिनभोकांच्या पाईपने बाजूच्या रस्त्यावरच्या पावसाळी गटारात सोडायचे, असे ठरले. चराचा तळ भुयाराच्या तळापेक्षा अर्धा फूट खाली, पण पायाच्या तळापेक्षा एक फूट वर. हे शेवटचे माप ज्यांना माहीत नाही त्यांनी घराजवळ कुदळ लावू नये. पायाखालची माती मोकळी झाली तर ओल परवडली असे म्हणायची वेळ येते. आमच्या पायाची खोली १९८७ च्या मंजूर नकाशावरून मिळाली, आणि तो नकाशा पाण्यात भिजलेल्या त्याच ट्रंकेत होता.

आता परवानगीचा भाग. पावसाळी गटार आणि सांडपाण्याचे भुयारी गटार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जमिनीतले किंवा गच्चीचे पाणी सांडपाण्याच्या चेंबरला जोडणे हा सोपा वाटणारा मार्ग नियमात बसत नाही. पावसात तेच चेंबर तुंबून मैला घरात येऊ शकतो. पावसाळी गटाराला जोडण्यासाठी रस्त्याची कड तीन फूट फोडावी लागणार होती. ३ फेब्रुवारीला अर्ज दिला. सोबत घरपट्टीची पावती, मंजूर नकाशाची प्रत, अभियंत्याचा आराखडा आणि मुद्रांकावर हमीपत्र जोडले. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा मुद्रांक बंद झाल्याने तो पाचशेचा घ्यावा लागला. दोन आठवड्यांत तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी फाईल दुसऱ्या टेबलावर होती आणि गटाराची खोली किती, म्हणजे आमचे पाणी उताराने त्यात जाईल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

२४ फेब्रुवारीला माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. मी तक्रार लिहिली नाही, फक्त रस्त्याचे नाव, दोन चेंबरांमधले अंतर आणि "गटाराच्या तळाची पातळी दर्शवणाऱ्या नकाशाची प्रत" एवढेच मागितले. मर्यादा तीस दिवसांची. २१ मार्चला चार पाने मिळाली, प्रत्येकी दोन रुपयांप्रमाणे आठ रुपयांत. गटाराचा तळ आमच्या पाईपच्या शेवटापेक्षा दीड फूट खाली निघाला. या कागदाची प्रत मूळ अर्जाला जोडल्यावर फाईल हलली आणि १७ एप्रिलला परवानगी मिळाली. रस्ता दुरुस्तीपोटी ४,७२० रुपये भरले. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता फोडू देणार नाहीत, असे तिथेच बजावले गेले. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी अर्ज दिवाळीनंतर लगेच द्यावा. मी फेब्रुवारीपर्यंत थांबले ही माझी चूक.

५ मे रोजी त्याच मिस्त्रींच्या हाताखाली खणायला सुरुवात झाली. सगळा चर एकदम न उघडता दहा-दहा फुटांचे तुकडे घ्यायचे, एक भरल्यावरच पुढचा उघडायचा, असा बाईंचा आग्रह होता आणि तो मजुरांना वेळखाऊ वाटत होता. मग अवकाळी पाऊस आला. २०२५ चा मे महिना कसा गेला हे नाशिककरांना सांगायला नको. मॉन्सूनच मुंबईत २६ मे रोजी, कधी नव्हे इतक्या लवकर, पोहोचला. दुसरा तुकडा उघडा असताना रात्री पाऊस झाला आणि सकाळी काळ्या मातीची एक कड चरात कोसळलेली होती. आत कोणी नव्हते. सगळा चर उघडा असता तर, हा विचार मला त्या रात्री पुरला. त्यानंतर फळ्या आणि बल्ल्यांचा आधार दिल्याशिवाय मिस्त्रींनी कोणाला आत उतरू दिले नाही. त्यात पाच दिवस आणि ५,५०० रुपये जास्त गेले.

पाईप घालताना एक मजेशीर वाद झाला. गवंड्याने भोके वरच्या बाजूला ठेवली होती, कारण पाणी वरून येते. बाईंनी सगळा पाईप फिरवून भोके खाली घ्यायला लावली. खडीत पाणी तळापासून साठत वर येते, त्यामुळे भोके खाली असली तर पातळी थोडी चढताच पाणी पाईपमध्ये शिरते. भोके वर असली तर पाईपभर उंचीचे पाणी कायम चरातच उभे राहते. मिस्त्री म्हणाले, "चाळीस वर्षं उलटाच घालत आलो की मी," आणि स्वतः खाली उतरून पहिली नळी फिरवली. ४२ फुटांत पाच इंच उतार, म्हणजे शंभरास एक. तो पारदर्शक नळीत पाणी भरून दर सात फुटांवर तपासला. आधी चराला जिओटेक्स्टाईल कापडाचे अस्तर, त्यात धुतलेली २० मिलिमीटरची खडी (दोन ब्रास, म्हणजे दोनशे घनफूट, लागली), मध्ये पाईप आणि वरून तेच कापड मिटून घेतले. कापड नसेल तर काळ्या मातीचा गाळ दोन-तीन पावसाळ्यांत खडी बुजवतो. वळणाच्या जागी एक उभी नळी जमिनीपर्यंत आणून झाकण लावले, म्हणजे पुढे नळीने पाणी मारून पाईप धुता येईल. गटाराकडच्या टोकाला झडप बसवली, कारण रस्त्यावरचे गटार तुंबले तर तेच पाणी आमच्याकडे उलटू नये.

भिंतीलगतही चार फुटांपर्यंत माती काढून जुने दगडी सांधे खरवडले, जलरोधक भुकटी मिसळलेल्या सिमेंटने भरले, गिलावा केला आणि त्यावर डांबरी लेपाचे दोन हात दिले. भरताना काढलेली काळी माती परत टाकली नाही; ती ओली झाली की फुगते आणि भिंतीला रेटते, म्हणून भिंतीशी मुरूम भरून थरांनी ठोकला. वर तीन फूट रुंदीची फरसबंदी, घरापासून बाहेर एक इंच उताराची. आतल्या सखल कोपऱ्यात दोन फुटी चौकोनी खड्डा करून त्यात अर्ध्या अश्वशक्तीचा, पाणी चढले की आपोआप सुरू होणारा पंप बसवला. त्याला ३० मिलिअँपिअरचे वीजगळती संरक्षक आहे आणि जोडणी इन्व्हर्टरवर आहे, कारण पंपाची गरज लागते तेव्हाच वीज जाते.

शोषखड्डा बुजवला. गच्चीचे पाणी आता आधी दोन हजार लिटरच्या टाकीत येते आणि तिथून मागच्या अंगणातल्या नव्या खड्ड्यात जाते, जो घरापासून उताराच्या खालच्या बाजूला, अठरा फूट अंतरावर आहे. पाणी मुरवणे सोडलेले नाही. काम ११ जूनला संपले. एकूण खर्च १,४६,८५० रुपये. यातला सर्वांत स्वस्त भाग गच्चीचा पाईप वळवण्याचा होता आणि माझ्या अंदाजाने अर्धे पाणी त्यानेच कमी झाले. ज्यांच्याकडे मोठ्या कामाचे पैसे नाहीत त्यांनी तेवढे करून एक पावसाळा वही ठेवावी.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला. रात्री साडेअकराला मी छत्री घेऊन बाजूच्या रस्त्यावर गेले आणि चेंबरच्या झाकणाच्या फटीतून विजेरी धरून पाहिले. आमच्या पाईपमधून मनगटाएवढी, स्वच्छ धार पडत होती. हे पाणी आजवर कुठे जात होते, ते त्या धारेकडे पाहून नीट कळले. संपूर्ण पावसाळ्यात पंप दोनदाच चालला, दोन्ही वेळा काही मिनिटे.

जुलैमध्ये एक चूक केली. भिंती लवकर वाळाव्यात म्हणून नव्या जाळीच्या झरोक्यांतून दिवसरात्र हवा येऊ दिली, आणि ट्रंकांवर बुरशी धरली. पावसाळ्यातली बाहेरची हवा आतल्या थंड दगडावर पाणी सोडते. झरोके आता उघडीप असेल तेव्हाच उघडते आणि थंडीत सताड ठेवते. पश्चिमेच्या कोपऱ्यात ताटाएवढा ओला डाग अजून आहे. तिकडे चर पोहोचत नाही. बाई म्हणतात, आणखी एक पावसाळा पाहू, मग ठरवू. वही चालू आहे. हस्ताच्या शेवटच्या दिवशीची नोंद गच्ची १४ मिलिमीटर, दुतोंड्या कोरडा, डाग तेवढाच, अशी आहे.